कोस्टल रोड : १८ प्रवाळ हलवले म्हणजे किनारा वाचला?

भरतीवेडा : मुंबईत वर्सोवा-भाईंदर कोस्टल रोडची चर्चा चालूये म्हणून विचारतो. आधीच्या मरीन ड्राइव्ह ते वरळी रस्त्यासाठी समुद्रात १०० हेक्टरच्या वर भराव पडला. जुलै २०१९ ला हायकोर्टाने सीआरझेडची (किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची) मंजुरी रद्द केली, डिसेंबरात सुप्रीम कोर्टाची स्थगिती आली आणि काम परत चालू. मग वरळी-हाजीअलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती उचलून दुसरीकडे लावल्या, कारण प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. पण त्याच खडकावरची कालवं, खेकडे, गोगलगायी यांचं काय, ते मोजायचेच नाहीत?

रोजचा_प्रवासी : अहो मुंबईच भरावावर उभी आहे, मरीन ड्राइव्हसकट. सिग्नलला सडणाऱ्या माणसांचा पण विचार करा की जरा. आणि खेकडे काय, नव्या दगडांवर येतीलच.

भरतीवेडा : येतील, पण कोण येणार? नैसर्गिक खडक पसरट असतो, ओहोटीला त्यात डबकी राहतात, ऑक्टोपस, समुद्री गोगलगायी त्यातच तग धरतात. तुमच्या भरावाची भिंत उभी, म्हणजे भरती-ओहोटीमधला पट्टाच काही मीटरवर आला, वर दगड उन्हात तापणार. कालवं चिकटतील, बाकीच्यांनी राहायचं कुठे?

वरळीचा_कोळी : तुमचं खडकावरच चाललंय. आमच्या वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून होड्या निघायच्या वाटेवर कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांत ६० मीटर अंतर ठेवलेलं, ते २०२२ च्या शेवटी १२० झालं, तेही आम्ही काम अडवलं म्हणून. ओहोटीला बायका कालवं फोडायला जायच्या तो खडक नकाशावर रिकामाच दाखवतात.

रोजचा_प्रवासी : अडवाअडवीने खर्च वाढतो तो आमच्याच टॅक्समधून जातो. बरं मोजलं आणि वाईट निघालं तर रस्ता रद्द करणार का? नाही ना, मग कशाला?

भरतीवेडा : रद्द कशाला, आखणी सरकवा, भरावाऐवजी खांब घ्या, १२० मीटर झालेच ना? फक्त मोजणी भरावाच्या आधी हवी, पावसाळ्याआधी आणि नंतर, आणि सोबत वांद्र्याच्या बॅंडस्टँडसारखा न छेडलेला खडकही मोजा. पावसात तसंही सगळं पालटतं, तुलनेला दुसरा किनारा नसेल तर भरावाने काय गेलं ते सांगताच येणार नाही, मग ज्याला जे हवं ते तो म्हणणार.

रोजचा_प्रवासी : आधी मोजा म्हणताय ते मान्य, पण मुदत घालून. नाहीतर दहा वर्षं मोजतच बसाल.

वरळीचा_कोळी : आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणातल्या ओहोटीला या मोजायला, तेव्हाच पाणी पार खाली जातं. मधल्या तिथीला आलात तर अर्धा खडक पाण्यात, आणि रिपोर्टात लिहाल इथे काहीच नाही.