पाइपलाइनच्या चरात कोरलेला दगड सापडलाय, कुणाला कळवायचं?

सीनाकाठ:
नमस्कार मंडळी. आमचं गाव दक्षिण सोलापूर तालुक्यात, जलजीवनच्या नळयोजनेची पाइपलाइन चालू आहे. काल मारुतीच्या देवळामागं चर मारताना जेसीबीचं बकेट खडाक्कन अडकलं, ऑपरेटरनं लगेच मशीन थांबवलं म्हणून बरं. आत काळा दगड आडवा पडलाय, कमरेएवढा लांब, त्यावर तीन कप्पे, खाली ढालतलवार घेतलेला माणूस, वर पिंड आणि हात जोडलेला एकजण. बाजूला खापरं आणि एक वीट, आताच्या विटेच्या दीडपट तरी असेल. ठेकेदाराचा माणूस म्हणतोय उचलून पारावर ठेवा, उद्या पाइप टाकून बुजवतो. म्हातारी माणसं शेंदूर आणायला निघालीत. मला दोन्ही पटेना, पण बायका पाण्यासाठी ताटकळल्यात तेही खरं आहे. काय करू?

खापरवेडा:
वीरगळ आहे दादा. लढाईत, लई वेळा गावची गुरं सोडवताना पडलेल्या माणसाचं स्मारक. खाली लढाई, मधे अप्सरा त्याला वर नेतात, वर तो शिवाची पूजा करतो. हलवू नका आत्ताच. दगड नुसता सुंदर दिसतो, पण तो कुठं, किती खोल, कुठल्या थरात होता ते एकदा गेलं की परत मिळत नाही. चराची भिंत खुरप्यानं सरळ करा, पाणी शिंपडा, थर वेगळे दिसतील, शेजारी टेप धरून फोटो काढा. देवळाच्या कोपऱ्यापासूनचं अंतर लिहा. खापरं पिशवीत, चिठ्ठीसकट. आणि तारेचा ब्रश, ऑइलपेंट, शेंदूर काही लावू देऊ नका हात जोडून सांगतो.

तहसील_वारी:
तलाठी आणि तहसीलदारांना आजच लेखी द्या, पोच घ्या. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे, जमिनीत १० रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं. अर्जाची एक प्रत राज्य पुरातत्त्व खात्याला. पाणी अडवायची गरज नाही, इंजिनिअरला भेटा, चर दोन-तीन मीटर वळवला तरी भागतं.

भीमाथडी:
आमच्या शिवारात असाच एक दगड निघाला होता, रातोरात ओढ्याच्या बांधात गेला, आजही त्यावर माती आहे, आठवलं की पोटात तुटतं. तुमच्याच तालुक्यातल्या हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०, म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख तुळईवर होता, लोक रोज त्याखालून जायचे, शिलालेखांचे अभ्यासक आनंद कुंभारांनी वाचला तेव्हा कळलं आपल्या दारात काय आहे ते. तुमच्या दगडावर रात्री बॅटरी बाजूनं तिरकी धरून बघा, पुसट कोरीव उठून दिसतं.

सीनाकाठ:
अर्ज दिला, पोच मिळाली. ऑपरेटरनं स्वतःची ताडपत्री आणून झाकलंय, इंजिनिअर उद्या सकाळी चर वळवून द्यायला येतायत. रात्री बॅटरी तिरकी धरली, अक्षरं काही दिसली नाहीत, पण खालच्या कप्प्यात त्या माणसाच्या पायाशी तीन गायी आहेत ओ.