कोपऱ्यावरच्या गाळ्यात साखळी कॅफे येतोय: कामाचे अनुभव

१९९६ साली बंगळुरूच्या ब्रिगेड रोडवर 'कॅफे कॉफी डे'चं पहिलं दुकान निघालं. १९ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईत फोर्टला, हॉर्निमन सर्कलच्या एल्फिन्स्टन बिल्डिंगमध्ये 'टाटा स्टारबक्स'चं देशातलं पहिलं दुकान उघडलं. तेव्हा अशी दुकानं मोठ्या रस्त्यावर असायची. आता ती किराणा आणि औषधांच्या दुकानांमधल्या गाळ्यात, राहत्या सोसायटीच्या तळमजल्यावर येतात. चांगलं की वाईट यावर बोलून झालंय. इथे ज्यांचा या कामाशी रोजचा संबंध आहे त्यांनी लिहा: करार, वीज, पाणी, ड्रेनेज, दूध, यंत्र, शेजार. आकडे द्या, कुठे अडतं ते सांगा. आठवणी नकोत.

गाळ्यांचे करार करून देणारे, पुणे

बोर्ड लागतो तेव्हा लोकांना कळतं, पण त्याआधी तीन-चार महिने सगळं कागदावर ठरलेलं असतं. करार बहुधा लीव्ह अँड लायसन्सचा, ६० महिन्यांपर्यंत. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर ०.२५ टक्के, आणि परतीच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून ती रक्कमही त्यात मिळवायची. नोंदणी करायलाच हवी आणि ती जबाबदारी गाळामालकाची. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणी नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. त्याच कायद्याचं संरक्षण १ कोटी किंवा जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपनीला मिळत नाही. म्हणून करारावर कोणती कंपनी सही करते ते बघा. बोर्डावरचं नाव आणि कागदावरची कंपनी वेगळी असू शकते, विशेषतः फ्रँचायझी असेल तर.

भाडं दोन प्रकारे मांडतात: ठरावीक, किंवा 'मिनिमम गॅरंटी अथवा विक्रीचा टक्का, जे जास्त ते'. दुसऱ्यात भांडण हमखास एकाच जागी होतं, ते म्हणजे विक्री कशाला म्हणायचं. घरपोच ॲपवरची ऑर्डर धरायची का, जीएसटी वगळून का, ॲपचं कमिशन कापून का, हे तीन शब्द करारात नसतील तर टक्क्याला अर्थ नाही. बिलिंग मशीनचा महिन्याचा अहवाल कोणत्या तारखेला मिळेल तेही लिहून घ्या.

लॉक-इन (करार मध्येच सोडता येत नाही तो काळ) दोघांना सारखं आहे ना ते तपासा. कंपनीच्या मसुद्यात मालक पूर्ण मुदत बांधलेला आणि कंपनी वर्षभरात मोकळी, असं असतं. सजावटीसाठी बिनभाड्याचे दिवस ताबा दिल्याच्या तारखेपासून मोजा, उद्घाटनापासून नाही. परवाना रखडला की ते दिवस तुमच्या खात्यातून जातात. आणि भिंती, स्लॅब, फरशीचे फोटो ताब्याच्या दिवशी काढून कराराला जोडा. ड्रेनेजसाठी स्लॅबला पाडलेली भोकं सोडून जाताना कोण बुजवणार, हा प्रश्न पाच वर्षांनी येतोच.

एक बारीक गोष्ट: गाळ्याच्या भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, कॅफे गिऱ्हाइकाकडून ५ टक्के घेतो आणि त्या ५ टक्क्यांत इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही. म्हणजे भाड्यावरचा सगळा जीएसटी त्यांचा खर्च. भाव करताना ते का ताणतात ते यावरून कळेल.

सोसायटीचे सचिव, कोथरूड

गाळा मालकाचा, पण बाजूची मोकळी जागा सोसायटीची. खुर्च्या मार्जिनमध्ये मांडायच्या नाहीत, हे ना-हरकत पत्रात पहिल्या ओळीत घाला. पार्किंगचंही तसंच. स्टिल्ट पार्किंग बिल्डरला वेगळं विकता येत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगितलंय, त्यामुळे 'गाळ्यासोबत दोन पार्किंग घेतलीत' म्हणणाऱ्यांचे कागद आधी बघा.

आवाजाबद्दल नुसती तक्रार करू नका, मोजा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. व्यापारी भागात ६५ आणि ५५. त्रास गाण्यांचा कमी असतो. खरा त्रास एसीच्या बाहेरच्या युनिटचा आणि पहाटे माल उतरवणाऱ्या टेम्पोचा. युनिट पहिल्या मजल्याच्या खिडकीखाली भिंतीला ठोकलं तर कंप स्लॅबमधून चढतो. जमिनीवर, रबरी पॅडवर ठेवायला लावा. टेम्पोची वेळ सकाळी ७ नंतरची लिहून घ्या. पाण्याला वेगळं मीटर हवंच.

अग्निसुरक्षेचा 'फॉर्म बी' (यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) दर जानेवारी आणि जुलैमध्ये भरायचा असतो. गाळ्याची प्रत सोसायटीच्या फाइलला लावून घ्या.

इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टर

जुन्या गाळ्याचा मंजूर भार ३ ते ५ किलोवॅट, सिंगल फेज. कॅफेचा किलोवॅटमधला हिशेब असा: दोन ग्रुपचं (कॉफी निघणाऱ्या दोन तोंडांचं) एस्प्रेसो मशीन ३.५ ते ४.५, झटपट गरम करणारा ओव्हन ३ ते ६, गरम पाण्याचा बॉयलर २ ते ३, ब्लेंडर दीड, दोन ग्राइंडर मिळून १, बर्फाचं मशीन अर्धा-पाऊण, तीन फ्रिज मिळून १ ते दीड, दीड टनाचे तीन एसी मिळून ५. बेरीज साडेसतरा ते सव्वातेवीस किलोवॅटपर्यंत जाते. महावितरणच्या व्यापारी दरात २० किलोवॅटच्या वर गेलं की गट बदलतो आणि केव्हीएवर डिमांड चार्ज (कमाल मागणीवरचा आकार) सुरू होतो. सगळी यंत्रं एका वेळी पूर्ण भाराने चालत नाहीत, म्हणून आधी खरा वापर काढा आणि मग अर्ज करा.

बिघाड कुठे होतो? जुन्या मीटररूममधल्या सैल न्यूट्रलपाशी. थ्री फेजमध्ये न्यूट्रल सुटला की सिंगल फेजच्या यंत्रांवर २३० च्या जागी तीनशेच्या वर व्होल्टेज येतं आणि एका मिनिटात ग्राइंडरचं कार्ड (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट), फ्रिजचं कार्ड, बिलिंग मशीन सगळं जातं. मीटरपासून गाळ्यापर्यंतची केबल नवी टाका, जुन्या ॲल्युमिनियमच्या तारेला जोड देऊ नका. प्रत्येक तापणाऱ्या यंत्राला वेगळा आरसीसीबी (वीज गळाली की आपोआप तुटणारा स्विच) द्या. एकच असेल तर एका हीटरमध्ये ओल शिरली की अख्खं दुकान अंधारात.

एस्प्रेसो यंत्रांची दुरुस्ती करणारे

दहापैकी बहुतेक बिघाडांचं मूळ पाणी. पुण्याला महापालिकेचं पाणी खडकवासल्याचं, मऊ. पण उन्हाळ्यात त्याच टाकीत बोअर किंवा टँकर मिसळला की क्षार कितीतरी वाढतात. जानेवारीत पाणी तपासून फिल्टर निवडला तर मेमध्ये तो पुरत नाही. टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण पदार्थ) मीटरवर विसंबू नका, त्याने हार्डनेस (पाण्याचा जडपणा) कळत नाही. थेंब टाकून रंग बदलणारा टेस्ट किट घ्या. लिटरमागे ५० ते १७५ मिलिग्रॅम हार्डनेस आणि ७५ ते २५० टीडीएस, एवढ्यात राहा.

उलटी चूकही तितकीच होते. क्षाराच्या भीतीने थेट आरओ जोडतात. १०-१५ टीडीएसच्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, त्यामुळे बॉयलरमधली पातळी ओळखणारी सळई 'भरलं' असं सांगतच नाही. पाणी चढत राहतं आणि वाफेच्या नळीतून पाणी यायला लागतं. लोक पंप बदलतात, कार्ड बदलतात. उपाय साधा आहे: आरओला मिक्सिंग व्हॉल्व्ह लावून टीडीएस शंभराच्या आसपास आणा.

दाब बघा. १० मीटर उंचीला साधारण १ बार मिळतो. चार मजली इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीतून तळमजल्यावर १.२ बारच येणार, आणि फिल्टरमधून जाताना त्यातलाही थोडा पडणार. यंत्राच्या पंपाला आत येणारं पाणी २ ते ४ बारने हवं. कमी असेल तर पंप किरकिरतो, मग जातो. छोटा बूस्टर पंप फिल्टरच्या आधी बसवा.

रोजची निगा: रात्री बंद करताना बिनभोकाची चाळणी लावून ३ ग्रॅम सफाईची पावडर, पंप १० सेकंद चालू, १० सेकंद बंद, असं पाच वेळा. मग तेच नुसत्या पाण्याने. हे टाळलं की ग्रुपमध्ये जुनं कॉफीचं तेल साचतं आणि चव कडवट, खवट होते. चाळणीचा दांडा काटकोनाच्या पुढे उजवीकडे जायला लागला की गॅस्केट (ग्रुपमधली रबरी कडी) संपलं, जोर लावून घट्ट करू नका. एका ग्रुपची धार दुसऱ्यापेक्षा मंद असेल तर आतल्या जेटमध्ये क्षार बसलाय. त्याचं भोक मिलिमीटरपेक्षा बारीक असतं, सुईने खरवडलं तर मोठं होऊन बिघडतं. काढून आम्लाच्या द्रावणात भिजवायचं.

कॅफेच्या कॉफी बारवर काम करणाऱ्या, ठाणे

आकडे लिहून चिकटवा: १८ ग्रॅम पूड, ३६ ग्रॅम एस्प्रेसो, २५ ते ३० सेकंद, ९ बार. पावसाळ्यात मात्र हे आकडे सकाळी जुळतात आणि दुपारी चुकतात. दार सतत उघडं राहतं, दमट हवेने दाणा आणि पूड ओल धरतात, धार मंदावते. दळण थोडं जाडं करावं लागतं. हॉपरमध्ये (ग्राइंडरवरच्या डब्यात) दोन तासांपुरतेच दाणे भरा, पिशवी उघडी ठेवू नका.

गिऱ्हाइकांसाठी एक: दहा किंवा जास्त शाखा असलेल्या साखळीला मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्या लागतात, जुलै २०२२ पासून. दिसत नसतील तर विचारा. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालता येत नाही, काढायला सांगायचा. ऐकलं नाही तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

दूध टाकणारे

'कॅफे आला, आपलं दूध वाढणार' असं धरून जास्तीचं क्रेट उचलू नका. साखळीची खरेदी वरून होते. स्थानिक माणसाला फोन येतो तो गाडी चुकली की. तरी काम मिळालं तर हिशेब ठेवा: २४० मिलिलिटरच्या कपाला १५० ते १६० दूध, मोठ्या 'लाते' कॉफीला २८०-३००. सरासरी १८० धरली तर २०० कपांना ३६ लिटर, म्हणजे १२ लिटरची तीन क्रेट. जगमध्ये उरून ओतलं जाणारं दूध वेगळं धरा. ते शेकडा ८-१० पर्यंत सहज जातं.

फेस प्रथिनांचा, दाटपणा स्निग्धांशाचा. फुल क्रीममध्ये फॅट ६ टक्के आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ) ९, टोण्डमध्ये ३ आणि ८.५. टोण्डचा फेस उंच येतो पण कोरडा लागतो. दूध आधी उकळायचं नाही, ४ अंशांना थंड ठेवून थेट वाफ द्यायची आणि ६०-६५ ला थांबायचं. ७० च्या पुढे गोडवा जातो आणि उकळल्याचा वास येतो. एकदा तापवलेलं परत तापवलं तर फेस टिकत नाही. उन्हाळ्यात फेस फसफसून बसायला लागला तर आधी क्रेटचं तापमान बघा, बहुतेक वेळा रस्त्यात ऊन लागलेलं असतं.

पैसे ३० ते ४५ दिवसांनी येतात. तुम्हाला डेअरीला रोज द्यायचे असतात. महिन्याचं भांडवल हातात नसेल तर घेऊ नका.

प्लंबर

बेसिनमध्ये कॉफीचा चोथा धुवायचा नाही. तो विरघळत नाही, दुधाच्या तुपाला चिकटून ट्रॅपमध्ये सिमेंटसारखा बसतो. ग्रीस ट्रॅप (तेलकटपणा अडवणारी पेटी) आठवड्याला साफ. आडव्या पाइपला ४० ला १ उतार मिळत नसेल तर फरशी उचला, पण उतार द्या. सोसायटीच्या जुन्या चेंबरला जोडण्याआधी चेंबर उघडून बघा. नंतर तुंबलं की दोष कॅफेचा का जुन्या लाइनचा हे कुणालाच सांगता येत नाही.

अमृततुल्य चालवणारे, सदाशिव पेठ

शेजारी साखळी कॉफी आली म्हणून कॅपुचिनोचं पाकीट आणून ढवळू नका. तिथे दोनशेच्या पुढचा कप घेणारा तासभर बसायला येतो, आपल्याकडचा पाच मिनिटं उभा राहतो. वेगळी गिऱ्हाइकं आहेत. उलट त्या कॅफेतली पोरं आणि ऑर्डर घ्यायला थांबलेले डिलिव्हरीवाले आपल्याकडेच चहाला येतात. त्यांची गर्दी दुपारी आणि रात्री ९ नंतर असते. तेव्हा पातेलं चढवलेलं हवं.

चहा सांभाळा. आलं आधी पाण्यात उकळून मग दूध. कच्चं आलं दुधात घातलं की दूध नासतं. वेलची उतरवताना. पितळी पातेल्याची कल्हई झिजू देऊ नका. कॉफी ठेवायचीच असेल तर फिल्टरची ठेवा: १०० ग्रॅम पूड, अर्धा लिटर उकळतं पाणी, रात्री लावून सकाळी डिकॉक्शन. चिकोरी मिसळलेली पूड घेताना पाकिटावर टक्का वाचा. कॉफी निदान ५१ टक्के असावीच लागते, पण चवीला ७०-३० च्या खाली जाऊ नये असं माझं ठाम मत आहे.

गच्चीवर बाग करणाऱ्या, एरंडवणे

चोथा मागायला लाजू नका, १ किलो पुडीचा जवळपास २ किलो ओला चोथा होतो आणि कॅफेला तो टाकायचाच असतो. झाकणाची बादली द्या आणि सकाळी ११ च्या आत उचला. दुपारनंतर त्यात टिश्यू आणि साखरेच्या पुड्या पडतात. थेट कुंडीत जाड थर देऊ नका. वर पापुद्रा धरतो, पाणी आत जात नाही, पांढरी बुरशी येते. १ भाग चोथा, ३ भाग सुकी पानं, मूठभर जुनं खत, आणि आठवड्यातून एकदा खालीवर. पावसाळ्यात पानं ४ भाग घ्या, नाहीतर बादलीला आंबूस वास सुटतो.