जुन्या गाडीनं लांबचा प्रवास: निघण्याआधी तुम्ही काय काय करून घेता?

दिवाळीनंतर आम्ही पुण्याहून कन्याकुमारीला निघतोय, घरच्याच २००७ च्या स्विफ्टनं. पेट्रोल, १.३ चं इंजिन. "एवढ्या लांब जुनी गाडी कशाला नेता, भाड्यानं नवी घ्या" असं निम्म्या नातेवाइकांचं सांगून झालंय. पण ही गाडी रोज चालते, तिचा प्रत्येक आवाज आम्हाला ओळखू येतो, आणि नीट तयारी केली तर एका बाजूचे दीड हजार किलोमीटर ती सहज काढेल याची मला खात्री आहे. म्हणून हा धागा. दहा-पंधरा वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या गाड्या घेऊन जे लांब जाऊन आलेत त्यांनी सविस्तर लिहा. आधी काय बदललं, काय नुसतं तपासलं, रस्त्यात काय झालं.

सुरुवात मी करते. माझं ठाम मत असं की मोठी कामं निदान महिनाभर आधी उरकावीत, निघण्याच्या आदल्या दिवशी तर मुळीच नकोत. नवा पाइप, नवा पंप, सैल राहिलेली क्लिप हे गॅरेजच्या दारात कळत नाही, शंभर-दोनशे किलोमीटर झाल्यावर कळतं. आमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, म्हणजे इंजिनाचे आतले भाग एका तालात फिरवणारा रबरी पट्टा (पुढच्या के-सिरीज इंजिनाला त्याऐवजी चेन आली). तो किलोमीटर बघून बदलायचा तसाच वर्षं बघूनही बदलायचा, कारण गाडी उभी असली तरी रबर कडक होतच राहतं. बेल्ट, तो ताणून धरणारा टेन्शनर, वॉटर पंप एकाच वेळी करून घेतले, मजुरीही एकदाच पडली. मग एका रविवारी चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन ताम्हिणीतून माणगावला जाऊन आलो. रात्री इंजिनाखाली एक मोठा पुठ्ठा सरकवून ठेवला. सकाळी त्यावर रुपयाएवढा हिरवा डाग होता. कूलंट, इंजिन थंड ठेवणारं पाणी. रेडिएटरच्या खालच्या पाइपाची क्लिप अर्धा फेरा आवळली आणि दुसऱ्या दिवशी पुठ्ठा कोरडा. हे चित्रदुर्गच्या पुढे कुठेतरी कळण्यापेक्षा आपल्या पार्किंगमध्ये कळलेलं केव्हाही चांगलं.

चिपळूण, वॅगन-आर २००५

ताई, पुठ्ठ्याची युक्ती उत्तम. त्यात माझी भर. आमच्याकडे कुंभार्ली चढून कराडला जायचं म्हणजे गाडीची खरी परीक्षा असते. घाटात जुनी गाडी गरम होते त्याचं कारण बरेचदा इंजिनात नसून पुढच्या जाळीत असतं. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, पाचोळा, मेलेले किडे यांचा थर बसतो. पुढून बघितलं तर सगळं स्वच्छ दिसतं, मधे मात्र हवा जायला वाट नसते. मी दोन्ही सुटे करायला लावले. मधून गोधडीसारखा थर निघाला. मागून पुढे, हलक्या धारेनं पाणी मारायचं. जोराची धार लागली तर पात्यांच्या बारीक पट्ट्या वाकतात आणि वाट आणखी बंद होते.

रेडिएटरचं झाकणही बदला. त्याच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बार मधला दाब. त्या दाबामुळे पाणी शंभर अंशांच्या वर गेलं तरी उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली पडली की तोच फायदा जातो, आणि माणूस उगाच थर्मोस्टॅट आणि हेड गास्केटवर संशय घेत बसतो. शेवटची चाचणी घरीच होते. एसी बंद, गाडी उभ्या उभ्या चालू ठेवा आणि रेडिएटरचा पंखा आपोआप लागतो का ते पाहा. मग एसी लावून परत पाहा. गरम इंजिनाचं झाकण कुणीही, कितीही घाई असली तरी, उघडू नका.

नागपूर, बाबांची सॅन्ट्रो

आमच्याकडून मुंबईला जायचं म्हणजे आता समृद्धी. ५ जून २०२५ ला इगतपुरीपासूनचा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि ७०१ किलोमीटर सलग झाले. रस्ता इतका सरळ आहे की जुन्या गाडीच्या इंजिनापेक्षा टायरची काळजी जास्त करायला हवी. काँक्रीट, वरून विदर्भातलं ऊन, आणि तासन् तास एकच वेग. टायरमध्ये हवा कमी असेल तर त्याची बाजू सतत दबते-सुटते, त्यातून उष्णता वाढत जाते आणि टायर फुटतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरायची, ड्रायव्हरच्या दारातल्या स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी जो आकडा दिलाय तेवढी. उन्हाळा आहे म्हणून कमी भरा, असं पंपावरचा मुलगा हमखास सांगतो. ते ऐकू नका.

बाबांची गाडी फार कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी छान शिल्लक होती. कुणीही म्हणालं असतं, एक नंबर आहेत. मी मोबाइलच्या उजेडात टायरच्या बाजूवरचे चार आकडे शोधले. लांबट चौकटीत असतात, कधी कधी आतल्या बाजूला, मग गाडीखाली डोकं घालावं लागतं. ३२१६ होतं. म्हणजे २०१६ सालचा बत्तिसावा आठवडा. अंगठ्यानं रबर दाबून वाकवलं तर नक्षीच्या मुळाशी केसासारख्या भेगा उघडल्या. चारही बदलले आणि स्टेपनीसुद्धा, कारण ती गाडीसोबत आलेली, सगळ्यांत जुनी होती. बाबा आधी नाराज होते. मी त्यांना त्या भेगा दाखवल्या, मग काही बोलले नाहीत. समृद्धीवर कारला १२० ची मर्यादा आहे, पण आम्ही नव्वदच्या वर जात नाही आणि दर दोन तासांनी थांबून टायरला हात लावून बघतो. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त तापला असेल तर तिथे काहीतरी बिघडलंय.

सांगली, माझं स्वतःचं गॅरेज आहे

वरचं सगळं बरोबर. ब्रेकचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. लोक पॅड बघतात, शू बघतात, ब्रेक ऑइल कुणी बघत नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, त्यामुळे वर्षागणिक ते कमी तापमानाला उकळायला लागतं. सपाट रस्त्यावर काही जाणवत नाही. आंबोली किंवा आंबा घाट उतरताना सतत पाय ब्रेकवर असला की ते उकळतं, पाइपात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखं खाली जातं. दोन वर्षांनी पूर्ण काढून नवं भरून, चारही चाकांच्या ब्रेक पाइपांतली हवा काढून घ्यावी. बाटलीतलं ऑइल चहासारखं तपकिरी दिसलं तर वर्षं मोजत बसू नये. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा.

गाडी लिफ्टवर घेतली की खालून एवढं बघून घ्या: एक्सलचे बूट (जॉइंटवरची रबरी आवरणं) फाटलेत का, बॉल जॉइंट हलतात का, चाक हातानं फिरवल्यावर बेअरिंगची घरघर येते का. बूट फाटला की आतलं ग्रीस उडून जातं, माती शिरते, आणि वळणावर कटकट आवाज सुरू होतो. बूट स्वस्तात होतो, एक्सलचा जॉइंट गेला तर खर्च मोठा. गिऱ्हाइकानं "आवाज येतोय" एवढंच न सांगता कोणत्या गिअरला, कोणत्या वळणाला, थंड असताना की गरम झाल्यावर हे सांगितलं तर आमचं निम्मं काम होतं.

नाशिक, होंडा सिटी २००८, कागदपत्रांविषयी

थोडक्यात लिहितो. पंधरा वर्षं झाली असतील तर आरसीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर भरलाय का ते बघा. कारच्या नूतनीकरणाची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० झाली, आणि वीस वर्षांवरच्या गाड्यांना २०२५ पासून त्याहूनही जास्त आहे. १ एप्रिल २०१९ आधी नोंदलेल्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरप्लेट लागते. पीयूसी आणि विमा प्रवासाच्या मधेच संपत नाही ना, हेही पाहा. उत्तरेत जाणाऱ्यांनी दिल्लीचं विशेष लक्षात घ्यावं. तिथे दहा वर्षांवरचं डिझेल आणि पंधरा वर्षांवरचं पेट्रोल वाहन याबाबत हरित लवादाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत, त्यात बदलही होत आलेत. निघण्याच्या आठवड्यात ताजी स्थिती बघूनच मार्ग ठरवा. आम्ही मनालीला जाताना एनसीआर, म्हणजे दिल्ली आणि आसपासचा भाग, पूर्ण टाळलं.

डोंबिवली, प्रीमियर पद्मिनी

कार्ब्युरेटरवाल्यांसाठी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या काळच्या रबरी पेट्रोल पाइपांना ते मानवत नाही, ते मऊ पडतात, फुगतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे पाइप आणि फिल्टर नवे घातले. बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर गाडी हलवायची नाही, आधी गळती शोधायची. एप्रिल-मे मध्ये खंडाळ्याला गाडी बंद पडून सुरू होत नसेल तर पेट्रोल वाफाळलेलं असू शकतं. इंजिनावरच्या पेट्रोल पंपाला ओलं फडकं गुंडाळा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा. आमचे वडील हेच करायचे, आम्हीही करतो, आणि गाडी सुरू होते.

लॉस एंजेलिस, कोरोला २००३

इथून लास वेगासला जाताना बेकर गावानंतर वाळवंटात लांबलचक चढ लागतो, आणि तिथे एसी बंद करा अशी पाटीच लावलीय. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर सरकला की आम्ही एसी बंद करून हीटर पूर्ण लावतो, म्हणजे इंजिनाची उष्णता आत खेचली जाते. मुलं वैतागतात, पण काटा खाली येतो. गाडी थोडं ऑइल खाते, म्हणून प्रत्येक वेळी गॅस (म्हणजे पेट्रोल) भरताना डिपस्टिक बघतो आणि त्याच ग्रेडचा एक डबा डिकीत ठेवतो.

सोलापूर, इंडिका डिझेल

डिकीत काय ठेवता हे कुणी लिहिलं नाही. आमच्याकडे अल्टरनेटरचा पट्टा, फ्यूज, पाइपाच्या क्लिपा, जंपर केबल, पाच लिटर साधं पाणी आणि तयार कूलंट असतं. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका, आमच्या भागातलं इतकं जड आहे की आत क्षार बसतो. अगदीच अडलात तर टाका, पण पोचल्यावर सगळं काढून टाका. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर निघण्याआधी तपासून घ्या, गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि चालू असताना चौदाच्या जवळ दाखवायला हवी. आणि ताई, घरीच एकदा जॅक लावून स्टेपनी बदलून बघा. कारखान्यातल्या मशिननं आवळलेले नट डब्यातल्या छोट्या पान्यानं सुटत नाहीत. लांब दांड्याचा पाना बाजारात सहज मिळतो, तो घेऊनच निघा.