सार्वभौम संपत्ती निधी : पैसा कुठला आणि कुलूप कोणाचे?

बी-४०३ : सर्वांना नमस्कार. नॉर्वेप्रमाणे भारतानेही सार्वभौम संपत्ती निधी, म्हणजे देशाची बचत गुंतवून वाढवणारा सरकारी निधी, उभारावा, असे सांगणारा लेख काल रात्री आपल्या सोसायटीच्या या ग्रुपवर टाकला आहे. रिझर्व्ह बँकेची एवढी मोठी परकीय गंगाजळी (परकीय चलनाचा साठा) रोख्यांत पडून राहण्यापेक्षा तिचा काही भाग जगभरच्या समभागांत गुंतवावा, ही सूचना मला पटते. सिंगापूरने १९८१ मध्ये जीआयसी ही सरकारी गुंतवणूक कंपनी स्थापून हेच केले.

ए-१०२ (खजिनदार) : काका, ‘पडून’ हा शब्द मला मान्य नाही. नॉर्वेला १९६९ मध्ये तेल सापडले, निधीचा कायदा १९९० मध्ये झाला आणि पहिली रक्कम जमा व्हायला १९९६ उजाडले, कारण अर्थसंकल्पात शिल्लक उरल्याशिवाय निधीत काही टाकायचे नाही, असे त्यांनी ठरवले होते. आपली गंगाजळी अशा शिलकीतून आलेली नाही. परदेशी गुंतवणूकदारांचा पैसा, अनिवासी भारतीयांच्या ठेवी आणि परकीय कर्जे यांतून आलेले डॉलर तिच्यात मोठ्या प्रमाणावर आहेत, आणि त्यांची परत मागणी झाली तर रोखे लगेच विकता येतात. परदेशातील एखाद्या बंदरातील भागीदारी तशी विकता येत नाही. २०१३ मध्ये रुपया घसरला तेव्हा रिझर्व्ह बँकेला एफसीएनआर, म्हणजे अनिवासी भारतीयांच्या परकीय चलनातील, ठेवींसाठी सवलतीची योजना काढून डॉलर गोळा करावे लागले होते.

सी-६०१ : माझे माहेर गोव्याचे, म्हणून एक भर घालते. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातील लोहखनिजाच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेचा १० टक्के भाग पुढील पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवण्यास सांगितले. जमिनीतून एकदा काढलेले खनिज पुन्हा येत नाही, त्यामुळे त्याचा पैसा चालू खर्चात उडवू नये, हा विचार मला शंभर टक्के पटतो. देशपातळीवर सुरुवात करायचीच तर खनिजांच्या स्वामित्वधनापासून (रॉयल्टीपासून) करावी.

ए-१०२ : ताई, तत्त्व योग्यच आहे, परंतु तो निधी न्यायालयाच्या आदेशाने आला, कोणत्याही सरकारने आपणहून बाजूला काढला नाही. केंद्राने २००५ मध्ये राष्ट्रीय गुंतवणूक निधी स्थापन केला होता. निर्गुंतवणुकीचा, म्हणजे सरकारी कंपन्यांतील समभाग विकून आलेला, पैसा त्यात कायम राहील आणि फक्त उत्पन्न खर्च होईल, असा नियम होता. २००९ मध्ये मंदी आणि दुष्काळ यांचे कारण देऊन निर्गुंतवणुकीतून येणारी पूर्ण रक्कमच सामाजिक योजनांच्या भांडवली खर्चासाठी मोकळी करण्यात आली. आपल्या सोसायटीच्या सिंकिंग फंडालाही (इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी राखलेल्या पैशाला) रंगकामाच्या वेळी कोणी ना कोणी हात घालायला निघतोच. तो वाचतो, कारण उपविधीनुसार सर्वसाधारण सभेची मंजुरी लागते. केंद्राच्या निधीचे कुलूप मात्र मंत्रिमंडळाच्या एका निर्णयाने उघडता आले.

डी-२०५ : आणि किल्ली एकाच हातात असली की काय होते, ते मलेशियाने दाखवले. घोटाळ्यात बुडालेल्या वन-एमडीबी या तिथल्या सरकारी गुंतवणूक निधीच्या सल्लागार मंडळाचे अध्यक्ष खुद्द पंतप्रधान होते.

बी-४०३ : गंगाजळीचा मुद्दा मी सोडतो. मात्र सिंगापूरचीच दुसरी सरकारी गुंतवणूक कंपनी टेमासेक १९७४ मध्ये सरकारी कंपन्यांचे समभाग घेऊनच उभी राहिली. आपल्याकडेही रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने २०१४ मध्ये सरकारी बँकांतील सरकारचे समभाग एका स्वतंत्र गुंतवणूक कंपनीकडे सोपवावेत, असे सुचवले होते. हीच कल्पना सर्व सरकारी कंपन्यांना लावली तर नवे कर्ज काढावे लागणार नाही आणि मंत्रालयांचा रोजचा हस्तक्षेपही कमी होईल.

ए-१०२ : या स्वरूपाला माझा विरोध नाही, किंबहुना संपूर्ण चर्चेतला हाच प्रस्ताव मला व्यवहार्य वाटतो. अडचण लाभांशाची, म्हणजे या कंपन्या सरकारला देतात त्या नफ्याच्या वाट्याची आहे. तो आज सरळ अर्थसंकल्पात जमा होतो. २०२५-२६ साठी वित्तीय तुटीचे (सरकारला कर्ज काढून भरावी लागणारी तूट) उद्दिष्ट जीडीपीच्या ४.४ टक्के असताना तो निधीकडे वळवला, तर तेवढी रक्कम बाजारातून व्याजाने उचलावी लागेल. म्हणून निदान सुरुवातीची काही वर्षे लाभांश अर्थसंकल्पातच राहावा आणि केवळ समभाग विक्रीचा पैसा निधीत अडकवून ठेवावा. तो बाहेर काढायचा तर संसदेत कायदाच बदलावा लागेल, अशी तरतूद मूळ कायद्यातच असावी.

सी-६०१ : आणि त्यात खनिजांचाही वाटा असावा. हा आग्रह मी सोडणार नाही.