सीरियाची चित्रे पाहताना आपण नेमके काय पाहतो?

कोराकागद

२०१३ च्या सुरुवातीला तम्माम अझ्झाम या सीरियन चित्रकाराचे एक चित्र समाजमाध्यमांवर जगभर फिरले होते, ते या मंचावरील अनेकांना आठवत असेल. गोळ्यांनी चाळण झालेली एक इमारत आणि तिच्या भिंतीवर ऑस्ट्रियन चित्रकार गुस्ताव क्लिम्टचे ‘चुंबन’, त्या सोनेरी झग्यासकट. कोणी तरी जिवावर उदार होऊन युद्धाच्या धुमश्चक्रीत ते भिंतीवर रंगवले असणार, अशी माझ्यासह पुष्कळांची समजूत झाली. प्रत्यक्षात अझ्झाम तेव्हा दुबईत होता, त्याचा स्टुडिओ दमास्कसमध्ये मागे राहिला होता आणि हे चित्र त्याने संगणकावर दोन प्रतिमा जोडून केले होते. हे कळल्यावर माझा थोडा हिरमोड झाला आणि मग त्या हिरमोडाचीच मला लाज वाटली. भिंत खरी होती, चित्रकारही खरा होता. पण तो गोळ्यांच्या टप्प्यात उभा नव्हता, एवढ्यावरून माझ्या लेखी चित्राची किंमत उतरली होती.

माझे म्हणणे असे, की गेल्या दशकभरात युरोपातल्या आणि आखातातल्या प्रदर्शनांनी सीरियन कलावंताला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले आहे. चित्राशेजारच्या पाटीवर ‘जन्म दमास्कस, वास्तव्य बर्लिन’ असे लिहिलेले असते आणि प्रेक्षक ती पाटी आधी वाचतो, चित्र नंतर पाहतो. चित्रात ढिगारा नसला, तरी तो ढिगारा शोधतो.

याउलट, माझ्या मनातून ज्या कलाकृती जात नाहीत, त्या बहुतेक साऱ्या काही तरी दाखवायचे नाकारणाऱ्या आहेत. खालेद बराकेह या सीरियन कलावंताची २०१४ ची छायाचित्रमाला घ्या. मृत आप्ताला हातांवर उचलून धरलेल्या माणसांची ती वृत्तछायाचित्रे आहेत. बराकेहने त्यांतील मृताची आकृती तेवढी काढून टाकली आहे. उरतात ती वाकलेली पाठ, ताणलेले दंड आणि त्यांच्यामध्ये माणसाच्या आकाराची पांढरी पोकळी. किंवा सीरियन छायाचित्रकार ह्राइर सार्किस्सियानची ‘वधस्थाने’ ही चौदा छायाचित्रे पाहा. दमास्कस, अलेप्पो आणि लटाकिया येथील ज्या चौकांत जाहीर फाशी दिली जाई, ते चौक त्याने पहाटे, माणसांचा मागमूस नसताना टिपले. लहानपणी शाळेच्या वाटेवर त्याने तिथे लटकलेली प्रेते पाहिली होती. छायाचित्रात मात्र पहाटेचा उजेड, दुकानांची बंद दारे आणि रिकामा रस्ता, एवढेच आहे. ही माला २००८ ची, म्हणजे युद्धाच्या तीन वर्षे आधीची आहे, हे मुद्दाम नोंदवतो.

टाकसाळ

धागालेखकाची निरीक्षणे मार्मिक आहेत. त्यांचा निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. दाखवायचे नाकारणे हा सुरक्षित दालनात बसलेल्यांचा विलास आहे. ज्यांचे मृत्यू सरकारदरबारी नोंदवलेच गेले नाहीत, त्यांच्या बाबतीत आधी कोणी तरी दाखवावे लागते.

‘सीझर’ या टोपणनावाने ओळखल्या गेलेल्या सीरियन लष्करी छायाचित्रकाराने देशाबाहेर काढलेली पन्नास हजारांहून अधिक छायाचित्रे २०१४ मध्ये जगापुढे आली. त्यांत कोठडीत मारल्या गेलेल्या हजारो माणसांची उपाशी, मार खाल्लेली शरीरे होती, आणि त्या शरीरांवर क्रमांक होते. ती कला नव्हती, हे मान्य. पण त्यांतली काही २०१५ मध्ये न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात प्रदर्शन म्हणूनच लावली गेली आणि पुढे जर्मनीतल्या कोब्लेंझच्या न्यायालयात पुरावा म्हणून तपासली गेली. त्याच न्यायालयाने १३ जानेवारी २०२२ रोजी अन्वर रस्लान या सीरियन गुप्तचर खात्यातल्या माजी कर्नलला मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी जन्मठेप सुनावली. सगळ्यांनी पांढरी पोकळीच दाखवली असती, तर न्यायवैद्यक तज्ज्ञाने मोजमाप कशाचे घेतले असते?

बरे, कलेपुरते बोलायचे, तर नजाह अल-बुकाई यांची रेखाटने पाहावीत. दमास्कसमध्ये चित्रकला शिकवणारा हा माणूस कोठडीतून सुटून २०१५ मध्ये फ्रान्सला पोहोचला आणि तिथे त्याने आठवणीतून कागदांमागून कागद भरले: दाटीवाटीने उभी उघडी शरीरे, टांगलेली माणसे, मेलेल्या सोबत्याला वाहून नेणारे कैदी. तिथे कॅमेरा नव्हता, फक्त डोळे होते. त्याला कोणी पिंजऱ्यात उभे केलेले नाही, तो स्वतः होऊन उभा राहिला. साक्ष देण्याची इच्छा ही कलावंताची दुय्यम प्रेरणा आहे, असे आपण कोणत्या अधिकाराने ठरवतो?

आणि धागालेखकाने उल्लेखलेल्या बराकेहनेच २०२० मध्ये त्या कोब्लेंझच्या न्यायालयाबाहेर कपडे घातलेल्या, मुक्या उभ्या आकृतींचे मांडणशिल्प उभारले होते. नाकारणारा कलावंत म्हणून आपण ज्याचा दाखला दिलात, तोही साक्षीदारांच्या रांगेतच येऊन उभा राहिला.

श्रावणी_बर्लिन

वरील दोघेही कलाकृती आणि कलावंत यांच्याविषयी बोलत आहेत. प्रदर्शनाची जागा काय करते, हे कोणीच विचारलेले दिसत नाही. म्हणून मी पाहिलेले एक उदाहरण सविस्तर लिहिते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये बर्लिनच्या ब्रांडेनबुर्ग दरवाज्यासमोर तीन जुन्या बस टोकावर उभ्या केलेल्या होत्या. टोकावर म्हणजे अक्षरशः टोकावर: एक टोक जमिनीत रोवल्यासारखे आणि दुसरे आभाळात. खालून वर पाहताना मान दुखते, इतकी उंची होती. खिडक्यांच्या चौकटींमधून नोव्हेंबरचे करडे आकाश दिसत होते आणि पर्यटक पाठ फिरवून स्वतःचे फोटो काढत होते. हे मानाफ हलबूनीचे ‘स्मारक’. वडील सीरियन, आई जर्मन, जन्म दमास्कसचा, शिक्षण ड्रेस्डेनला. अलेप्पोतल्या एका रस्त्यावर, नेमबाजांच्या गोळ्यांपासून लोकांना आडोसा मिळावा म्हणून रहिवाशांनी अशाच तीन बस उभ्या केल्या होत्या; त्याचे २०१५ मधले छायाचित्र पाहून त्याला ही कल्पना सुचली.

बर्लिनमध्ये ते शांतपणे उभे होते. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ते ड्रेस्डेनला फ्राउएनकिर्खे या चर्चसमोर उभे राहिले, तेव्हा मात्र उद्‌घाटनाला घोषणाबाजी झाली आणि महापौरांना धमक्या आल्या. कारण फेब्रुवारी हा ड्रेस्डेनचा स्वतःच्या दुःखाचा महिना आहे. १३ फेब्रुवारी १९४५ च्या रात्री सुरू झालेल्या बॉम्बहल्ल्यांत ते शहर जळाले, ते चर्च कोसळले आणि २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. आमच्या दुःखाच्या अंगणात दुसऱ्याचे दुःख का आणून ठेवता, असा तो राग होता, आणि त्यावर स्वार होणारे राजकीय पक्षही होतेच. पण त्याच बस पाहून काही वृद्ध ड्रेस्डेनकरांना आपले बालपण आठवले असेल, तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता अडचणीची गोष्ट. मूळ छायाचित्रातल्या बसवर एका सशस्त्र इस्लामी गटाचा झेंडा होता, हे नंतर चर्चेत आले. शिल्पात अर्थातच झेंडा नव्हता. झेंडा गळला आणि ‘शांततेचे स्मारक’ उरले. विरोधकांनी याचा फायदा घेतला, हे खरे; तरी प्रश्न खोटा ठरत नाही. अलेप्पोतल्या त्या आडोशामागे सामान्य कुटुंबेही होती आणि बंदूकधारीही होते. युरोपातल्या चौकात येताना या गुंतागुंतीतले जेवढे समजायला सोपे, तेवढेच आले. टाकसाळ, आपण साक्ष म्हणता. पण सीमा ओलांडताना साक्षही अशी सोलून निघते.

उंबरा

श्रावणीताईंचा प्रतिसाद आवडला. थोडे आपल्याकडचे सांगतो, कारण सीरियाचे युद्ध भारतातल्या दालनांतही आले आहे. मात्र आणणारे बहुधा सीरियन नव्हते.

जानेवारी २०१६ मध्ये दिल्लीच्या इंडिया आर्ट फेअरमध्ये चिनी कलावंत आय वेवेचे एक कृष्णधवल छायाचित्र लागले होते. लेस्बोस बेटाच्या खडकाळ किनाऱ्यावर तो स्वतः पालथा पडला आहे, आलान कुर्दीसारखा. २ सप्टेंबर २०१५ रोजी बुडालेल्या त्या चिमुकल्या सीरियन निर्वासिताचे मूळ छायाचित्र पाहून ज्यांच्या पोटात तुटले, त्यांतल्या अनेकांना हे सोंग असह्य झाले. मलाही झाले. धिप्पाड, जगप्रसिद्ध माणूस त्या मुलाच्या जागी पडून त्या मुलाला झाकूनच टाकतो, असे मला वाटले.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात कोचीच्या बिनाले या द्वैवार्षिक कलाप्रदर्शनात चिलीचा कवी राऊल झुरिता याचे ‘वेदनेचा समुद्र’ हे काम होते. ॲस्पिनवॉल हाउसमधले एक लांबलचक कोठार, त्यात गुडघ्याला येईल एवढे पाणी आणि भिंतींवर प्रश्न. चपला हातात, विजारी वर गुंडाळलेल्या, आणि पाण्यात पाय ओढत आम्ही पलीकडच्या भिंतीपर्यंत गेलो. एरवी प्रदर्शनात कुजबुजणारी मंडळी तिथे गप्प होती. पाण्याचा चुबुक चुबुक आवाज तेवढा येत होता. ते काम आलानला नव्हे, त्याच्यासोबत बुडालेल्या त्याच्या थोरल्या भावाला, गालिपला अर्पण केलेले होते. गालिपचे छायाचित्र जगापुढे आले नाही, म्हणून गालिप कोणाला ठाऊक नाही. झुरिताने चित्र दाखवले नाही आणि पाण्यात उतरवले. तो स्वतः चिलीचा हुकूमशहा पिनोशे याच्या राजवटीत कैद भोगलेला माणूस होता, हे नंतर कळले. पण पाण्यात असताना ते कळण्याची गरज पडली नव्हती.

म्हणून ‘सीरियन असणे’ ही अट मला तितकीशी महत्त्वाची वाटत नाही. (दलित आत्मकथनांच्या काळात ‘दुःखाचा बाजार’ म्हणून आपल्याकडे झालेले वाद आठवले, पण तो विषय इथे नको.)

टाकसाळ

उंबरा, ही अट इतक्या सहज मोडीत काढता येणार नाही. झुरिता आणि आय वेवे यांना बोलावणी येतात, विमाने मिळतात. सीरियन कलावंताची कलाकृती मात्र पुष्कळदा त्याच्यापुढे निघून जाते आणि तो व्हिसाच्या रांगेत राहतो. त्याच्या नावाची पाटी तरी राहू द्यावी.

कोराकागद

टाकसाळ यांच्या पहिल्या प्रतिसादाला उत्तर देतो. सीझरच्या छायाचित्रांचा मुद्दा बिनतोड आहे आणि मी माझे विधान तेवढ्यापुरते आवरते घेतो. न्यायालयाला शरीर लागते. पण दालन हे न्यायालय नव्हे. तिथे आरोपी नसतो, शिक्षा नसते आणि प्रेक्षक संध्याकाळी घरी जातो. तिथे तेच शरीर लावले, की त्याचे काय होते?

हा प्रश्न मी उपस्थित केलेला नाही. ‘अबूनद्दारा’ या सीरियन चित्रपटकारांच्या निनावी गटाने तो केला आहे. नावाचा अर्थ साधारण ‘चष्मेवाला’. एप्रिल २०११ पासून त्यांनी दर शुक्रवारी, म्हणजे निदर्शनांच्या दिवशी, एक लघुपट इंटरनेटवर विनामूल्य प्रसिद्ध करायला सुरुवात केली. बहुतेक लघुपट काही मिनिटांचे; एखादा माणूस बसून बोलतो, कधी वाक्य अर्धवट सोडतो, आणि तो कोणत्या बाजूचा आहे हे शेवटपर्यंत कळत नाही. प्रेतांची चित्रे अशी सर्रास दाखवणे हा मृतांच्या प्रतिष्ठेचा भंग आहे आणि माणसाला स्वतःच्या प्रतिमेवर हक्क असला पाहिजे, अशी त्यांची भूमिका. युरोपात वा अमेरिकेत बॉम्बस्फोट होतो, तेव्हा वाहिन्या मृतांचे चेहरे झाकतात; सीरियन मृतांना तो संकोच लागू नाही, हा त्यांचा आक्षेप मला खोडता येत नाही. २०१५ च्या व्हेनिस बिनालेत आपला लघुपट ठरल्याप्रमाणे दाखवला गेला नाही, असा आरोप करून ते बाहेर पडले. २०१७ च्या डॉक्युमेंटा या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनात मात्र त्यांचे काम होते. म्हणजे दालनांशी वैर नाही, अटी मात्र स्वतःच्या.

टाकसाळ

अबूनद्दाराचा मी आदर करतो. पण निर्वासित कलावंतांच्या या साऱ्या चर्चेत देशात थांबलेले कुठे आहेत? चित्रकार युसुफ अब्दलकी हे सत्तरीच्या दशकात तुरुंगात गेले, नंतर पॅरिसला दोन तपे काढली आणि २००५ मध्ये दमास्कसला परतले. जुलै २०१३ मध्ये त्यांना पुन्हा अटक झाली आणि महिनाभराने सुटका झाली. कोळशाने काळाभोर केलेल्या कागदावर एक मासा, एक सुरी, टेबलाची कड, अशी त्यांची चित्रे असतात. मासा मेलेला आहे, पण डोळा उघडा आहे. ‘युद्ध आणि निर्वासन’ या मथळ्याच्या प्रदर्शनात ते अर्धेच मावतात, कारण ते निघून गेले नाहीत.

या बाबतीत २०१७ मध्ये दुबईला अताशी प्रतिष्ठानाने भरवलेले प्रदर्शन मला अधिक प्रामाणिक वाटते. १९२४ पासूनची सीरियन व्यक्तिचित्रे तिथे एकत्र होती, त्यामुळे युद्ध हे त्या कलेचे जन्मस्थान ठरत नव्हते. म्हणजे पाटीबद्दल धागालेखकांशी माझे मतभेद कमी झाले, असे वाटल्यास समजावे. साक्षीबद्दलचे कायम आहेत.

श्रावणी_बर्लिन

८ डिसेंबर २०२४ ला असद राजवट कोसळली आणि अब्दलकींबद्दल टाकसाळ जे म्हणतात, ते आता इथे बर्लिनमधल्या सीरियन कलावंतांपुढे उलट्या दिशेने उभे आहे. परत गेलेला कलावंत ‘निर्वासित’ राहत नाही; मग त्याला बोलावणी येतील का? इसाम कुरबाज यांचे उदाहरण बोलके आहे. सायकलींच्या जुन्या मडगार्डांच्या त्यांनी होड्या केल्या, त्यांत जळलेल्या काड्या माणसांसारख्या उभ्या केल्या, आणि त्या होड्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या. हा गृहस्थ युद्धाच्या वीसेक वर्षे आधीच सीरियातून बाहेर पडून केंब्रिजला स्थिरावलेला आहे. तरी पाटी वाचून लोक त्याला होडीतून आलेला समजतात.

कोराकागद

सार्किस्सियानचे आणखी एक काम सांगायचे राहिले होते, ते इथे शोभेल. २०१४ मध्ये त्याने दमास्कसमधल्या आपल्या आईवडिलांच्या इमारतीची हुबेहूब प्रतिकृती करवून घेतली: गच्च्या, खिडक्या, सगळे. मग घण घेऊन ती फोडली. एका पडद्यावर इमारत हळूहळू ढासळताना दिसते, फोडणारा दिसत नाही. दुसऱ्या पडद्यावर तो घण उचलतो, टाकतो, धापा टाकतो, आणि इमारत दिसत नाही. खरी इमारत तेव्हा उभी होती आणि आईवडील तिच्यातच राहत होते.

टाकसाळ, हिला आपण साक्ष म्हणाल का? जे अजून घडलेच नव्हते, त्याची?

टाकसाळ

म्हणेन. भीतीचीही साक्ष असते. फक्त ती न्यायालयात चालत नाही, एवढे आपले म्हणणे मान्य.