भावाच्या मणक्यात गॅप सांगितलाय, ऑपरेशन करावं का?

प्रश्न:
माझा धाकटा भाऊ, वय ३४. नारायणगावच्या मार्केटातून टोमॅटो भरून रात्री वाशीला टेम्पो नेतो, क्रेट चढवायलाही हात लावतो. गेल्या महिन्यात क्रेट उचलून वळताना कमरेत चमक भरली. तेव्हापासून उजव्या पायात कळ उतरते, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत. शिंकला तरी कळवळतो. एमआरआयमध्ये कमरेच्या एल-४, एल-५ या मणक्यांमधली चकती सरकून नस दाबली गेल्याचं आलंय. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून टाका. आई म्हणते, गावात कंबर बसवणारे आहेत त्यांच्याकडे नेऊ. टेम्पोचा हप्ता चालू आहे. काय करावं?

उत्तर १:
ताई, घाई नका करू. माझ्या मेव्हण्याचं बिनऑपरेशनचं बरं झालं. पण त्याने हंगामभर ओझ्याला हात लावला नाही. पट्टा बांधून लगेच कामाला जुंपू नका.

उत्तर २:
मी फिजिओथेरपिस्ट आहे, माझ्याकडे ड्रायव्हर आणि हमाल बरेच येतात. आधी आजच हे विचारा: लघवी अडते किंवा नकळत होते का? शौचाच्या जागेभोवती, मांड्यांच्या आतून बधिर वाटतं का? यातलं एकही असेल तर उजाडायची वाट बघू नका, मोठ्या हॉस्पिटलात न्या. तिथे उशीर झाला तर लघवीवरचा ताबा कायमचा जाऊ शकतो. मग त्याला टाचांवर चालायला लावा. चवडा वर राहत नसेल, चालताना चप्पल फरफटत असेल, तर नसेची ताकद जातेय.

हे काही नसेल तर थांबायला जागा आहे. चकतीतला मऊ गर बाहेर येऊन नसेला टेकतो, तिथे सूज येते. बाहेर आलेला तो तुकडा शरीर बऱ्याचदा हळूहळू शोषून घेतं. बहुतेकांची कळ ६ ते १२ आठवड्यांत पुष्कळ उतरते. नुसत्या रिपोर्टला घाबरू नका. १९९४ साली अमेरिकेत कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांचे एमआरआय काढले होते, त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांची एखादी तरी चकती फुगलेली निघाली.

कंबर बसवायला मात्र कृपा करून नेऊ नका. पाठीवर पाय देऊन झटका मारतात. नस आधीच दाबलेली असताना हे बघवत नाही मला.

दिवसभर झोपवूनही ठेवू नका. घरात, अंगणात थोडं थोडं चालू दे. कुशीवर झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच, मेडिकलमधून मनाने नकोत.

प्रश्नकर्ती:
लघवीचं काही नाही, बधिरपणाही नाही. टाचांवर चालला. पण अंगठा मी बोटाने खाली दाबून धरला आणि उचल म्हटलं, तर डावा उचलतो, उजवा लगेच पडतो.

उत्तर २:
बरं केलंत ताई, नीट तपासलंत. अंगठा उचलणारी एल-५ची नस दमल्याचं हे लक्षण आहे, म्हणून आता नुसतं थांबू नका. एक-दोन दिवसांत मणक्याच्या सर्जनना एमआरआयची फिल्म घेऊन दाखवा, अंगठ्याचं आवर्जून सांगा. ताकद तेवढीच राहिली तर ते कदाचित वाट बघतील. घटत चालली तर ऑपरेशनच योग्य, तेव्हा मागे हटू नका. तोवर अंगठा रोज सकाळी असाच तपासा. आणि वाशीच्या फेऱ्यांना बदली ड्रायव्हर आजच बघा.