नुसती तोंडओळख : तुमचे अनुभव लिहा

परवा बेळगावच्या सीबीटीवर (मोठा बसस्टँड) खानापूरच्या बसला थांबलेलो. दोन वर्षं माझ्याच बसने येणारा एक पोरगा, नाव पण माहीत नाही, म्हणाला "कुठं होतास की, चार दिवस दिसलाच नाहीस?" ताप होता मला. घरच्यांशिवाय हे कुणाच्या लक्षात आलंय याचंच एवढं बरं वाटलं की त्या दिवशी प्रॅक्टिकल पण नीट झालं. जिवलग दोस्तांचं नको, हाय-बायवाल्यांचं लिहा. अशांशी बोलणं जमलं का, नाही जमलं तर डोक्याचं काय झालं.

निपाणीची :
मला नाही जमलं बाई. दहावीपर्यंत मराठी मीडियम आणि इंजिनिअरिंगला सगळा वर्ग कन्नड नाहीतर इंग्लिश. मेसच्या रांगेत "सांबार स्वल्प हाक्री" (सांबार थोडं वाढा) दहादा मनात घोकायचं आणि पाळी आली की मुकाट ताट पुढं करायचं, मग हळूहळू गर्दी असली की जेवायलाच जायचं नाही, रूमवर बिस्किटं. झोप उडाली, आईला वाटायचं अभ्यास वाढलाय. एकदा वाढणाऱ्या अक्कांनीच विचारलं, "याकव्वा, निन्नी ऊटक्क बरलिल्ल?" (का गं, काल जेवायला आली नाहीस?) मी मोबाईलवर शिकलेलं "होट्टे नोवु" (पोटात दुखतंय) ठोकून दिलं, तर त्या हसत म्हणाल्या, "ब्यानी अन्नव्वा, ब्यानी!" (ब्यानी म्हण गं!) इकडच्या कन्नडात दुखण्याला ब्यानी म्हणतात हे कुठल्या ॲपमध्ये असतंय? तिथून रोज एक शब्द. मैत्रिणी नंतर झाल्या, आधी जेवण सुरू झालं.

शहापूरकर :
माझं उलटं. 'काय करूलालास' विचारणारे दोनशे, गणपतीत तर रस्त्यातनं चालता येत नाही एवढे हात वर होतात. डेंग्यूने दहा दिवस पडलो, एकाचा फोन नाही. उगाच गोडवे नकोत.

सायको_एमए :
आमच्या मॅडमनी शिकवलेलं आठवलं. कॅनडात सँडस्ट्रॉम आणि डन या दोघींचा अभ्यास आहे, 2014 चा. कॉलेजच्या पोरांना मोजायची यंत्रं दिली आणि जवळच्यांशी किती, अर्धवट ओळखीच्यांशी किती बोललात ते मोजायला लावलं. त्यातल्याच दुसऱ्या एका भागात, ज्या दिवशी वर्गातल्या नेहमीपेक्षा जास्त जणांशी बोलणं झालं त्या दिवशी पोरं जास्त खूश, आपण इथलेच असं वाटणं पण जास्त. पण म्हणून शहापूरकरांचं खोटं ठरत नाही, तापात डबा आणून देणारा वेगळाच लागतो.

अनगोळ :
खरंय. माझं डोकं खरंच बिघडलेलं तेव्हा झेरॉक्सवाल्या काकांशी दोन शब्द बोलून काय होणार होतं? 14416 ला फोन लावला, टेलि-मानस, सरकारची मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री पण उचलतात. पण काका रोज 'जेवलास काय रे' विचारायचे म्हणून बाहेर तरी पडायचो, ते पण खरं.

निपाणीची :
धागाकर्ते, त्या बसमधल्या पोराचं नाव विचारलं की नाही?

धागाकर्ता :
दोन वर्षांनी आता कोणत्या तोंडानं विचारू? उद्या कंडक्टर पास बघेल तेव्हा डोकावून बघतो.